एकाच घरात दोन एकादश्या: आईने कोणती सोडावी?

माणदेशी

आमची आजी, म्हणजे वडिलांची आई, माळकरी. तिची एकादशी भागवत. आई आली स्मार्त घरातून. कालनिर्णयात एखाद्या महिन्यात आज ‘स्मार्त एकादशी’ आणि उद्या ‘भागवत एकादशी’ असं लागोपाठ छापलेलं असलं की आमच्या घरात दोन दिवस चूल वेगळी पेटायची. लग्नानंतर पहिली काही वर्षं आई माहेरचीच धरायची. पुढे कधीतरी सासूसोबत दुसऱ्या दिवशीचीही धरू लागली आणि मग दोन्ही सुटल्या नाहीत. आजीला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी जोडएकादशीला आई आजही सलग दोन दिवस उपाशी.

आता ती एकाहत्तर वर्षांची आहे. मधुमेह आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की सलग दोन उपास चालणार नाहीत, एक ठेवायचा तर विचारून ठेवा. आई डॉक्टरांसमोर हो म्हणाली आणि घरी येऊन रडली. “आईनं शिकवलेली सोडू का सासूबाईंनी दिलेली सोडू?” मला उत्तर देता आलं नाही.

जाणकारांना दोन प्रश्न. मुळात हे दोन दिवस होतात कसे? आणि असं फक्त आपल्याकडेच आहे, की इतर धर्मांतल्या पंथांतही एकाच सणाचे दोन दिवस असतात? असतील तर ते लोक घरात कसं निभावतात?

घटिका_पळे

आईंना नमस्कार सांगा.

तिथी मध्यरात्री किंवा सूर्योदयाला बदलत नाही. सूर्यापासून चंद्राचं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी संपते, मग घड्याळात काहीही वाजलेले असोत. उपास मात्र माणूस दिवसाला करतो. म्हणून ‘आजचा दिवस एकादशीचा’ हे कोणत्या क्षणावरून ठरवायचं, हाच सगळा प्रश्न.

स्मार्त पाहतात सूर्योदय. त्या वेळी दशमी संपून एकादशी लागलेली असली की झालं. भागवतांचा नियम कडक. त्यांना अरुणोदयापासून शुद्ध एकादशी लागते. अरुणोदय म्हणजे सूर्योदयाआधीच्या चार घटिका, ९६ मिनिटं. समजा सूर्योदय ६:१५ ला आहे आणि दशमी ५:२० ला संपली. सूर्योदयाला एकादशी आहे, स्मार्तांचा उपास आज. पण अरुणोदय ४:३९ ला सुरू झाला आणि तेव्हा दशमी होती. भागवतांच्या लेखी ही दशमीविद्धा, म्हणजे दशमीचा स्पर्श झालेली, म्हणून त्यांचा उपास उद्या.

कमलाकर भट्टांच्या निर्णयसिंधूत (१६१२) आणि काशीनाथशास्त्री उपाध्यायांच्या धर्मसिंधूत, म्हणजे व्रतं-सणांचे निर्णय देणाऱ्या ग्रंथांत, याचा पुष्कळ खल आहे. उपाध्याय, ज्यांना बाबा पाध्ये म्हणत, हे पंढरपूरचे. १७९० च्या सुमारास त्यांनी हे लिहिलं तेव्हा त्यांच्या दाराशी दोन्ही प्रकारची माणसं येत असणार. त्यांनी कोणालाच चूक ठरवलं नाही. स्मार्तांचा निर्णय वेगळा दिला, वैष्णवांचा वेगळा दिला.

चिपळूण_बाजार

आमच्याकडे दिवसाचं सोडा, महिन्याचा फरक पडतो. कोकणात काही घरी टिळक पंचांग चालतं, बाकी गावात दाते. अयनांश (राशिचक्र कुठून मोजायचं तो फरक) वेगळे असल्यामुळे काही वर्षी अधिक मास वेगवेगळा येतो आणि आमच्या चुलत्यांचा गणपती आमच्या आधी महिनाभर बसतो. लहानपणी मजा वाटायची. आता वाटतं की आरतीला सगळे भाऊ एकत्र असायला हवेत.

नगरची_सून

धागा वाचून गप्प बसवेना, कारण तुमच्या आईचं जे एकादशीचं तेच माझं, जैन घरातल्या बाईचं, संवत्सरीचं, म्हणजे वर्षभराच्या चुकांची क्षमा मागण्याच्या दिवसाचं. माहेर श्वेतांबर मूर्तिपूजक, सासर स्थानकवासी, म्हणजे मूर्ती न पूजणारं. माहेरची संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, सासरची पंचमीला. दिगंबरांचं दशलक्षण पर्व तर पंचमीला सुरू होऊन चतुर्दशीपर्यंत चालतं.

हा फरक महाराष्ट्राच्या मातीतला आहे, हे माझ्या मुलींनाही मी मुद्दाम सांगते. परंपरा सांगते की मूळ दिवस पंचमीचाच. कालकाचार्य पैठणला, तेव्हाच्या प्रतिष्ठानला, चातुर्मासाला होते. तिथल्या सातवाहन राजाने विनंती केली की पंचमीला आमच्याकडे इंद्राचा उत्सव असतो, तेव्हा तुमचं पर्व षष्ठीला घ्या, म्हणजे मला दोन्हीला येता येईल. आचार्य म्हणाले, पंचमीची रात्र ओलांडता येणार नाही. राजाने विचारलं, मग चतुर्थी? ते चाललं. एका श्रोत्यासाठी दिवस अलीकडे आला आणि तो दिवस आज लाखो लोक पाळतात. पुढे स्थानकवासी आणि तेरापंथी म्हणाले, आगमात, म्हणजे मूळ धर्मग्रंथांत, पंचमी आहे तर पंचमीच. मूर्तिपूजकांच्या तपागच्छ शाखेत तर तिथीची वृद्धी-क्षय झाली की काय करायचं यावरून पुन्हा ‘एक तिथी’ आणि ‘बे तिथी’ असे दोन पक्ष आहेत.

मी काय करते? चौथीला सकाळी आईला फोन करून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणते. पंचमीला सासूबाईंच्या पाया पडून म्हणते. प्रतिक्रमण, म्हणजे चुकांची कबुली देण्याचा विधी, मात्र एकच करते, सासरचं. लग्नानंतर पहिल्या वर्षी माहेरच्या दिवशी मी नेहमीसारखी जेवले आणि घास उतरेना. चुकीच्या दिवशी जेवण्याचं दुःख बाहेरच्याला कळत नाही.

गिरगाव_गल्ली

पारशांचंही असंच ना? आमच्या इमारतीत एक पारशी काका ऑगस्टमध्ये पतेती करायचे आणि समोरच्या इमारतीतले जुलैमध्येच. आम्ही लहानपणी दोन्हीकडे पेढे खायचो.

ग्रँटरोड_नाका

पारशी आहे, मराठी शाळेत शिकलोय, म्हणून लिहितो. आधी एक दुरुस्ती, रागावू नका. ‘पतेती मुबारक’ म्हणतात ते बरोबर नाही. पतेत म्हणजे पश्चात्तापाची प्रार्थना. पतेती हा वर्षाचा शेवटचा दिवस, सरत्या वर्षातल्या चुकांची कबुली देण्याचा. शुभेच्छा द्यायच्या त्या दुसऱ्या दिवशी, नवरोजला.

आता मूळ प्रश्न. आमचं जुनं वर्ष ३६५ दिवसांचं, लीप दिवस नाही. चार वर्षांत एक दिवस मागे पडतो. ती तूट भरायला १२० वर्षांनी एक महिना वाढवायचा. भारतात आलेल्यांनी तो एकदा वाढवला, इराणात राहिलेल्यांनी नाही. पुढे कोणीच वाढवला नाही. शेकडो वर्षं दोन्हीकडे ही गोष्ट कुणाच्या गावीही नव्हती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इराणहून एक दस्तुर, म्हणजे धर्मगुरू, सुरतेला आले, तेव्हा उघडकीला आलं की दोन्हीकडच्या महिन्यांत बरोबर एका महिन्याचं अंतर आहे. १७४५ मध्ये सुरतेतल्या काहींनी इराणी गणना जुनी आणि खरी म्हणून स्वीकारली. ते कदमी. बाकीचे शहेनशाही. १९०६ मध्ये तिसरा फसली पक्ष निघाला, जो २१ मार्चला नवरोज धरतो आणि लीप दिवसही पाळतो. मुंबईत १७८३ चं दादीसेठ आतश बेहराम (सर्वोच्च दर्जाचं अग्निमंदिर) कदमींचं, १८३० चं वाडिया आतश बेहराम शहेनशाहींचं. ‘कबीसा’ म्हणजे ही महिना वाढवण्याची गोष्ट. या एका शब्दावरून आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली.

बाहेरून वाटतं, एक महिना इकडे-तिकडे, काय बिघडलं? बिघडतं ते असं. आमच्या विधींत आजचा रोज आणि माह, म्हणजे दिवस आणि महिना, नावाने उच्चारावा लागतो. महिना चुकला तर प्रार्थनाच चुकीच्या नावाने गेली. त्याहून मोठी गोष्ट मुक्ताद. वर्षाच्या शेवटच्या दहा दिवसांत गेलेल्यांचे फ्रवशी, म्हणजे आत्मे, घरी येतात अशी श्रद्धा. फुलं ठेवतो, पाणी रोज बदलतो, घर घासून लख्ख करतो. आता विचार करा, पंचांगच चुकलं असेल तर माझी आई ज्या दिवशी दाराशी येईल त्या दिवशी घरात फूलही नसेल. माणसं यासाठी भांडली. मला ते भांडण मूर्खपणाचं वाटत नाही.

आज कदमी-शहेनशाही लग्नं सर्रास होतात. माझी बायको कदमी आहे. आमच्या घरी मुक्ताद दोनदा बसतं.

माणदेशी

@ग्रँटरोड_नाका, तुमचा शेवटचा परिच्छेद आईला वाचून दाखवला. तिने पुन्हा वाचायला लावला.

शून्य_रेखावृत्त

सगळ्यांचे अनुभव मनापासून वाचले. तरीही एक वेगळं मत मांडतो. हे सगळे वाद मुळात गणिताचे आहेत आणि गणित आता सुटलेलं आहे. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. सगळ्या धर्मांनी एक खगोलीय नियम मान्य केला तर एका घरात दोन उपास राहणार नाहीत, आणि एकाहत्तर वर्षांच्या बाईवर ही वेळ येणार नाही. त्यांच्या तब्येतीची काळजी वाटते म्हणून लिहिलं.

बाणकोट

@शून्य_रेखावृत्त, तुमची कळकळ पोहोचली. पण आमच्याकडे चंद्राचं गणित कुणाला येत नाही म्हणून ईदचे दोन दिवस होतात असं नाही.

बोहरी मंडळी फातिमी काळापासूनची मिसरी दिनदर्शिका वापरतात. तीस वर्षांच्या चक्रात अकरा लीप वर्षं, प्रत्येक महिन्याचे दिवस आधीच ठरलेले, रमजान कायम तीस दिवसांचा. वरच्या पोस्टमधला ‘कबीसा’ हा शब्द लीप वर्षाला त्यांच्याकडेही आहे. म्हणून मुंबईत बोहरी मोहल्ल्यातली ईद बहुतेक वेळा आमच्या एक-दोन दिवस आधी होते. गणिताने एकी होत असती तर त्यांची आणि आमची ईद हजार वर्षांपूर्वीच एक झाली असती. आम्ही सुन्नी, डोळ्यांनी चंद्र पाहतो. ढग असतील तर तीस पुरे करतो.

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. कुरैब नावाचे गृहस्थ दमास्कसहून मदिनेला परतले. इब्न अब्बास यांनी विचारलं, तिकडे चंद्र कधी दिसला? ते म्हणाले, शुक्रवारी रात्री. इब्न अब्बास म्हणाले, आम्हाला इथे शनिवारी दिसला, आम्ही तीस पुरे होईपर्यंत किंवा चंद्र दिसेपर्यंत रोजे ठेवू. कुरैबनी विचारलं, खलिफा मुआवियांचं दिसणं आणि त्यांचा रोजा पुरेसा नाही का? उत्तर आलं, नाही, आम्हाला प्रेषितांनी असंच सांगितलंय. म्हणजे पहिल्या पिढीतच एका श्रद्धेच्या दोन शहरांत दोन ईद होत्या, आणि त्यावरून कुणी कुणाला बाहेर काढलं नाही.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई, देशावरचे बहुतेक हनफी, या दोन धर्मशास्त्राच्या परंपरा. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजची वेळ शाफईंकडे वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी झाली की सुरू होते, हनफींकडे दुप्पट झाल्यावर. माझे वडील नोकरीनिमित्त सोलापूरला होते तेव्हा तिथली जमात, म्हणजे एकत्र नमाज पढणारी मंडळी, हनफी. ते आपल्या वेळी एकटे नमाज पढत नसत. थांबत आणि जमातीबरोबर उभे राहत. गावी आले की गावच्या वेळेला. मी विचारलं तेव्हा म्हणाले होते, सावली कुठंही मोजता येते, सफेत, नमाजच्या रांगेत, शेजारी माणूस लागतो.

ठाणे_तलावपाळी

बाणकोटकरांच्या वडिलांचं वाक्य वाचून मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथातली एक गोष्ट आठवली. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. आमच्याकडे ही गोष्ट मला आजोबांनी मराठीतच सांगितली होती.

महिना कधी सुरू झाला हे तेव्हा साक्षीदार येऊन सांगत आणि यावनेचं न्यायमंडळ जाहीर करी. एका वर्षी मंडळाचे प्रमुख रब्बान गमलिएल यांनी दोन साक्षीदारांची साक्ष मान्य केली. रब्बी यहोशुआ यांना ती साक्ष खोटी वाटत होती. म्हणजे त्यांच्या हिशोबाने योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा उपासाचा दिवस, ज्याला आमच्या आज्या दारफाळणीचा सण म्हणत, तो दुसऱ्या दिवशी येत होता. गमलिएल यांनी निरोप धाडला: तुझ्या हिशोबाने जो योम किप्पूर आहे त्या दिवशी काठी आणि पैशांची पिशवी घेऊन माझ्याकडे ये. त्या दिवशी काठी-पैसा हातात धरणं म्हणजे सणाचा भंग. यहोशुआ फार अस्वस्थ झाले. मग काठी घेतली, पिशवी घेतली आणि चालत गेले. गमलिएल उठून उभे राहिले, त्यांच्या मस्तकाचं चुंबन घेतलं आणि म्हणाले, ये, माझ्या गुरू आणि माझ्या शिष्या. ज्ञानाने गुरू, आणि माझा शब्द मानलास म्हणून शिष्य.

गणित यहोशुआंचंच बरोबर असेल, असं मला वाटतं. पण दिवस कोणी सांगायचा हे एकदा ठरलं नाही तर समाज दोन होतो. ९२२ साली तेच झालं. पॅलेस्टाईनचे बेन मेइर आणि बगदादकडचे सादिया या धर्मपंडितांत तासाच्या एका अंशावरून वाद झाला आणि त्या वर्षी दोन्हीकडच्यांनी वल्हांडणाचा सण वेगवेगळ्या दिवशी केला. कराईत पंथाने तर रब्बींची गणनाच नाकारली. ते शेतात जाऊन जव तयार झालाय का हे पाहून वर्षाचा पहिला महिना ठरवत.

आता माणदेशींच्या आईसाठी. यरुशलेमहून दूरच्या गावांना नव्या महिन्याचा निरोप वेळेत पोहोचत नसे, म्हणून ते लोक सावधगिरीने बहुतेक मोठे सण दोन दिवस पाळत. पुढे दिनदर्शिका गणिताने पक्की झाली, शंकाच उरली नाही. तरी दुसरा दिवस सोडला नाही. तालमूद या धर्मग्रंथात कारण दिलंय, की तुमच्या वाडवडिलांनी तुमच्या हाती दिलेली रीत जपा. माझी आत्या ठाण्यात होती तेव्हा वल्हांडणाच्या पहिल्या दोन्ही रात्री जेवण मांडायची. इस्रायलमध्ये अश्दोदला गेल्यावर एकच रात्र, कारण तिथला नियम एकाचा. पहिल्या वर्षी दुसऱ्या रात्री ती रिकाम्या टेबलाशी बसून राहिली होती, असं तिनेच सांगितलं. देवाच्या घरी दोन्ही चालतात, हे तिला माहीत होतं. सवयीला कुठे माहीत असतं?

वसई_किल्ला

एकाच घरात दोन तारखांचं सर्वांत जुनं उदाहरण माझ्या माहितीत इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रियाच्या राजघराण्याचं. राजा ओस्वियू आयरिश साधूंच्या रीतीने ईस्टर धरायचा, राणी एअनफ्लेड केंटमध्ये वाढलेली, ती रोमच्या रीतीने. बीड नावाच्या साधूने लिहून ठेवलंय की राजाचा उपासकाळ संपून ईस्टरची मेजवानी चाललेली असताना राणी आणि तिची माणसं अजून उपासात, झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, बसलेली असत. शेवटी ६६४ साली व्हिटबीला, मठाधिपती हिल्डाबाईंच्या मठात, सभा भरली. एक बाजू संत कोलंबाचा दाखला देत होती, दुसरी येशूच्या शिष्याचा, पेत्राचा. राजाने विचारलं, स्वर्गाच्या किल्ल्या कुणाला दिल्या? पेत्राला, हे दोघांनाही मान्य. मग राजा म्हणाला, मी द्वारपालाच्या विरोधात जाणार नाही. निर्णय झाला, पण हरलेल्या बाजूचे बिशप कोलमन आपल्या साधूंना घेऊन कायमचे निघून गेले. तारीख एक झाली आणि माणसं दोन झाली.

गणित सुधारल्यावर काय होतं, त्याचंही उदाहरण देतो. १५८२ मध्ये पोप ग्रेगरींनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. कार्मेल संघाच्या सुधारक आविलाच्या संत तेरेजा नेमक्या त्याच रात्री वारल्या, म्हणून त्यांचा सण आजही १५ तारखेला. हे गणित जुन्यापेक्षा बरोबर होतं यात शंका नाही. पण ऑर्थोडॉक्स चर्चांनी शतकानुशतकं ते घेतलं नाही. ग्रीसच्या चर्चने १९२४ मध्ये स्थिर सणांसाठी नवी गणना घेतली तेव्हा तेरा दिवसांसाठी लोक वेगळे झाले. त्यांना जुन्या दिनदर्शिकेचे म्हणतात, त्यांचे वेगळे बिशप आहेत, वेगळे मठ आहेत. १९२५ मध्ये जुन्या तारखेच्या क्रूसाच्या सणाला अथेन्सजवळ रात्री आकाशात क्रूस दिसला, असं ते सांगतात. आथोस पर्वतावरचे बहुतेक मठ नवी गणना घेतलेल्या चर्चशी जोडलेले राहिले, पण तारीख जुनीच ठेवली. म्हणजे तेच दोन पर्याय: वेगळं व्हा, किंवा वेगळ्या दिवशी जेवूनही एकमेकांना आपलं म्हणा.

१९९७ मध्ये सीरियातल्या अलेप्पोला अनेक चर्चांच्या प्रतिनिधींनी सुचवलं होतं की यरुशलेमच्या रेखावृत्तावरून खगोलीय गणिताने एकच ईस्टर काढावा. @शून्य_रेखावृत्त, अगदी तुमचीच सूचना. अजून अमलात आलेली नाही. २०२५ मध्ये २० एप्रिलला दोन्ही ईस्टर एकत्र आले, तेव्हा आमच्या पॅरिशमध्ये काही जण डोळे पुसत होते.

शून्य_रेखावृत्त

व्हिटबीचं आणि अलेप्पोचं वाचून मी माझं आधीचं म्हणणं अर्धं मागे घेतो. नियम एक करून माणसं एक होत नाहीत, हे पटलं. पण अर्धं ठेवतो. एखाद्या शरीराला दोन उपास झेपत नसतील तर कोणत्याही पंथाने त्याला मोकळं केलं पाहिजे.

बाणकोट

त्यात वादच नाही. आमच्याकडे आजाऱ्याला रोजा माफ आहे. बरं झाल्यावर भरून काढतो, बरं होण्यासारखं नसेल तर एका रोज्यामागे एका गरजूला जेवू घालतो.

ग्रँटरोड_नाका

आमच्याकडे तर उपास हाच पुण्याचा मार्ग मानत नाहीत. शरीर सुदृढ ठेवणं हेच कर्तव्य.

घटिका_पळे

आपल्याकडेही आहे. वृद्ध, आजारी, लहान मुलं यांना निर्णयग्रंथांत सूट आहे. पाणी, फळं, दूध, औषध यांनी व्रत मोडत नाही. माणदेशी, पूर्ण निराहार धरण्याचा आग्रह नसेल तर कोणती ठेवावी हा शास्त्राचा प्रश्न उरतच नाही. नियम सांगायचा तर बाई ज्या घरात असते त्या घरची. पण आईंच्या बाबतीत तो नियम मी सांगणार नाही. त्यांनी चाळीस-पन्नास वर्षं दोन्ही सांभाळल्यात, त्यांनीच ठरवावं.

नगरची_सून

घटिका_पळे यांना अनुमोदन. आणि माणदेशी, आई जो सोडतील त्या दिवशी कुणीतरी त्यांच्याबरोबर बसून जेवा. मला पहिल्या वर्षी कुणी तसं बसलं असतं तर घास उतरला असता.

माणदेशी

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस रोज रात्री आईला धागा वाचून दाखवत होतो. यहोशुआंच्या गोष्टीवर तिने विचारलं, काठी घेऊन किती लांब चालत गेले ते? मला सांगता आलं नाही. नॉर्थम्ब्रियाच्या राणीबद्दल म्हणाली, तिला सासू होती का हे त्यात लिहिलंय का?

आज दुपारी तिने ठरवलं. भागवत एकादशी ठेवणार, निर्जळी नाही, वाटीभर भगर, दही आणि वेळेवर गोळी, डॉक्टरांना विचारून. स्मार्त एकादशीला उपास नाही, पण त्या दिवशी भात शिजणार नाही. भाकरी-भाजी. मी शेजारी बसून जेवणार.

मी विचारलं, माहेरची का सोडलीस? ती म्हणाली, “माझ्या माहेरी भाऊ आहे, भावजय आहे, ते करतात ती. सासूबाईंची धरणारं आता माझ्याशिवाय कोण आहे?”